हमीदाबानू : जोड न मिळालेली पहिलवान

कुस्तीच्या व्यवहारात ‘जोड’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. जोड म्हणजे नुसता प्रतिस्पर्धी नव्हे. वजनाने, वयाने, अंगमेहनतीने आणि डावपेचांच्या तयारीने जो आपल्या तोडीचा आहे, तो आपली जोड. जत्रेतल्या दंगलीत दोन पोरांची कुस्ती लावायची झाली, तरी जाणता वस्ताद आधी त्यांना शेजारी उभे करतो, खांद्याला खांदा लावून पाहतो, आणि मगच हात मिळवू देतो. कारण विजोड कुस्तीत जिंकणाऱ्याला मान नाही आणि हरणाऱ्याला शिक्षण नाही. ज्याला जोड मिळाली नाही, त्याचे बळ किती हे इतरांना कळत नाही, आणि त्याला स्वतःलाही पुरते कळत नाही.

आज ज्या स्त्रीविषयी सांगावयाचे आहे, तिची सारी कहाणी या एका शब्दात सामावलेली आहे. हमीदाबानू हे तिचे नाव. मूळ गाव उत्तर प्रदेशातील मिर्झापूर, कुस्तीचे शिक्षण अलीगढला सलाम पहिलवान या वस्तादाच्या हाताखाली, आणि आयुष्याचा उत्तरार्ध आपल्या महाराष्ट्रात, कल्याण येथे. १९४० आणि १९५० च्या दशकांत देशभरच्या वृत्तपत्रांत ज्यांचे नाव गाजत होते, त्या बाई पुढे लोकांच्या स्मरणातून जवळजवळ पुसल्या गेल्या. २०२४ साली मे महिन्याच्या ४ तारखेला गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र दिले, तेव्हा पुष्कळांनी हे नाव पहिल्यांदाच ऐकले.

१९५४ साल हे त्यांच्या कीर्तीचे शिखर होय. त्या वर्षी फेब्रुवारीत हमीदाबानूंनी जाहीर आव्हान दिले की, जो पुरुष मला आखाड्यात हरवील त्याच्याशी मी लग्न करीन. पतियाळाच्या एका आणि कलकत्त्याच्या एका मल्लाला त्यांनी पाठीवर टाकले होते. मे महिन्यात त्या बडोद्यास आल्या. तेथे ठरलेल्या मल्लाने ऐनवेळी माघार घेतली. बाईशी लढणार नाही, हे त्याचे कारण. मग बाबा पहिलवान नावाचा दुसरा मल्ल समोर आला. ही कुस्ती अवघी १ मिनिट ३४ सेकंद चालली आणि बाबा पहिलवान चीत झाला. ही बातमी परदेशी वृत्तसंस्थांनीही जगभर पाठविली. उंची ५ फूट ३ इंच, वजन सुमारे १०८ किलो, अशी बाईंची मापे त्या काळच्या वृत्तपत्रांनी आवडीने छापली. दिवसाला साडेपाच लिटर दूध, अर्धा डझन अंडी, एक कोंबडी, किलोभर मटण, अर्धा किलो लोणी आणि वर दोन थाळ्या बिर्याणी, असा त्यांचा खुराक वाचून वाचकांचे डोळे विस्फारत. दिवसाचे सहा तास मेहनत आणि नऊ तास झोप, हा क्रमही त्याच बातम्यांत आहे. परंतु त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. बाई किती खाते हे लोकांच्या लक्षात राहिले, बाई किती मेहनत करते हे राहिले नाही.

हमीदाबानूंच्या कुस्तीला गर्दी किती होत असे, याची कल्पना १९४४ च्या एका प्रसंगावरून येते. मुंबईत गूंगा पहिलवान याच्याशी त्यांची कुस्ती ठरली होती. वीस हजार लोक जमले, असे तेव्हाच्या वृत्तपत्राने लिहिले आहे. गूंगा पहिलवानाने पैसे वाढवून मागितले, तयारीला आणखी वेळ मागितला, आणि कुस्ती रद्द झाली. चिडलेल्या प्रेक्षकांनी मैदानाची मोडतोड केली. म्हणजे कुस्ती झाली नाही तरी लोक रागावत. आणि झाली तर काय होई? एका प्रसंगी पुरुष मल्लाला हरविल्यावर प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडविली, दगड मारले, आणि पोलिसांना मध्ये पडावे लागले. पुण्यात रामचंद्र साळुंके या मल्लाशी ठरलेली त्यांची कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या हरकतीमुळे रद्द झाली. ज्या महाराष्ट्राने कुस्तीवर एवढे प्रेम केले, त्याच महाराष्ट्रात ही बाई मैदानाच्या दारापर्यंत येऊन परत गेली.

यावर हमीदाबानू गप्प बसल्या नाहीत. मोरारजी देसाई तेव्हा मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते. आपल्या कुस्त्यांना बंदी का, अशी तक्रार बाईंनी थेट त्यांच्याकडे नेली. उत्तर असे आले की, बंदी त्या स्त्री आहेत म्हणून नाही. कुस्त्या भरविणारे लोक त्यांच्यासमोर खोटे, नावापुरते मल्ल उभे करतात अशा तक्रारी आल्या, म्हणून बंदी आहे.

हे उत्तर आपण जरा थांबून तपासले पाहिजे. हमीदाबानूंच्या कुस्त्या खऱ्या होत्या की नुरा, म्हणजे आधी ठरवून केलेल्या, हा वाद त्यांच्या हयातीत चालू होता आणि आजही अभ्यासक त्याबद्दल लिहितात. तीनशेहून अधिक कुस्त्या जिंकल्याचा बाईंचा दावा होता. त्यांपैकी काही कुस्त्यांत समोरचा मल्ल मुद्दाम पडला असेल, हे नाकारता येत नाही. तिकीट विकून दंगली भरविणाऱ्यांच्या धंद्यात पुरुषांच्या कुस्त्याही अशा ठरवून होत असत. परंतु खरा प्रश्न निराळा आहे. समोर नावापुरता मल्ल का उभा करावा लागला? नामांकित पुरुष मल्लाला तिच्याशी लढण्यात दोन्हीकडून तोटाच होता. जिंकला तर बाईला हरविले, त्यात मोठेपणा कसला. आणि हरला तर गावात तोंड दाखविण्याची सोय नाही. बाईच्या तोडीची बाई म्हणावी, तर मुलींना कुस्ती शिकविणारी तालीमच नव्हती, मग ती यावी कोठून? त्याच १९५४ साली मुंबईत व्हेरा चिस्टिलिन नावाच्या रशियन स्त्रीमल्लाला हमीदाबानूंनी एका मिनिटाच्या आत हरविले, अशी नोंद आहे. म्हणजे जोड शोधावयाची तर समुद्रापलीकडून आणावी लागत होती. ज्या समाजाने जोड तयार केली नाही, त्याच समाजाने मग खोट्या जोडीचा ठपका बाईंवर ठेवला.

येथे त्याच काळातला आपला एक मल्ल आठवावा. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. खाशाबांची वाट सोपी नव्हती. प्रवासखर्चासाठी त्यांना लोकांपुढे हात पसरावे लागले. तरीही त्यांच्या पाठीशी काही गोष्टी होत्या. कोल्हापूरसारख्या गावातील तालमी होत्या, वजनाप्रमाणे गट होते, गुण देणारे पंच होते, आणि हरलो तरी पुढच्या वर्षी पुन्हा उतरता येईल अशा स्पर्धा होत्या. खाशाबांच्या बळाला मोजमाप मिळाले. हमीदाबानूंच्या बळाला मिळाली फक्त जाहिरात. दोघांच्या अंगच्या गुणांत किती फरक होता हे आता ठरविता येणार नाही. दोघांच्या भोवतीच्या व्यवस्थेत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर होते.

व्यवस्था म्हणजे काय, हे समजून घ्यावयाचे तर जपानचे उदाहरण उपयोगी पडेल. योगायोग असा की, तेथील कथेचा महत्त्वाचा टप्पाही १९५४ चाच आहे. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये मिल्ड्रेड बर्क ही अमेरिकन स्त्रीमल्ल आपल्या सहकारिणींसह जपानच्या दौऱ्यावर गेली. त्यापूर्वी जपानातही बायकांची कुस्ती ही रंगमंचावरच्या थिल्लर करमणुकीत जमा होती. बर्कच्या दौऱ्याने मुलींच्या मनात ईर्ष्या निर्माण झाली. पुढे १९६८ साली मात्सुनागा बंधूंनी केवळ स्त्रियांच्या कुस्तीची एक मोठी संस्था उभी केली. ती २००५ पर्यंत चालली. पंधरा-सोळा वर्षांच्या मुली चाचणी देऊन तेथे दाखल होत, संस्थेच्या वसतिगृहात राहत, आणि वडील मल्लांच्या देखरेखीखाली पडणे, उठणे, पकडणे यांचा रोज अभ्यास करीत.

ही धंदेवाईक कुस्ती ऑलिंपिकच्या कुस्तीपेक्षा वेगळी असते, हे सांगितलेच पाहिजे. तिच्यात कोण जिंकणार हे आधी ठरलेले असते. ती कसरत आणि नाट्य यांचा मेळ आहे. परंतु उंचावरून पाठीवर पडणे ठरवून केले तरी हाडे खरीच असतात, आणि म्हणून शिक्षणही खरेच लागते. हमीदाबानूंना ज्या आरोपाने मैदान बंद झाले, ती गोष्ट जपानने उघड मान्य केली, तिला शिस्त लावली आणि तिच्यातून मुलींना मानाचा व्यवसाय दिला.

त्या संस्थेतील जॅग्वार योकोता या मल्लाची कारकीर्द पाहा. १९७७ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ती प्रथम मैदानात उतरली. १९८१ साली जॅकी सातोला हरवून तिने संस्थेचे सर्वोच्च अजिंक्यपद मिळविले. १९८६ साली खांद्याच्या दुखापतीने तिला निवृत्त व्हावे लागले. परंतु ती घरी बसली नाही. त्याच संस्थेत नव्या मुलींची शिक्षिका झाली, आणि पुढे पुन्हा मैदानातही उतरली. चिगुसा नागायो ही तिच्या मागून आलेली मल्ल; १९८० च्या दशकात दूरचित्रवाणीमुळे ती जपानच्या घराघरांत पोहोचली. १९९५ साली तिने स्वतःची संस्था काढली. तिच्या शिष्यांतील मेइको सातोमुरा हिने २००६ साली सेन्दाई शहरी आणखी एक संस्था उभारण्यात पुढाकार घेतला, आणि २०२५ साली निवृत्त होईपर्यंत मुली घडविल्या. एकीने दुसरीला, दुसरीने तिसरीला शिकविले. आपल्याकडे गाण्यात ज्याला घराणे म्हणतात, तसे हे कुस्तीचे घराणे झाले.

आता पुन्हा हमीदाबानूंकडे वळू. १९५४ साली युरोपात जाऊन तेथील मल्लांशी लढण्याचा बेत त्यांनी जाहीर केला. खरी जोड बहुधा तिकडेच मिळाली असती. परंतु त्यानंतर कुस्तीच्या जगातून त्यांचे नावच नाहीसे होते. का, याचे उत्तर त्यांच्या घरच्या माणसांनी आणि शेजाऱ्यांनी अलीकडे मुलाखतींतून दिले आहे. ते सांगतात की, वस्ताद सलाम पहिलवान यांना हा बेत मान्य नव्हता. त्यांनी बाईंना काठ्यांनी मारले, त्यात त्यांचे हात मोडले, पायही मोडले, आणि पुढे कित्येक वर्षे लाठीच्या आधाराशिवाय त्यांना नीट चालता येत नव्हते. पुरुषांना दीड मिनिटात चीत करणारी स्त्री मैदानात कोणाकडून हरली नाही. ती घरात मोडली गेली. मैदानात निदान पंच असतो, प्रेक्षक असतात. घरात पंच नव्हता.

पुढचे आयुष्य त्यांनी कल्याणला काढले. दुधाचा धंदा केला, जागा भाड्याने दिल्या. आणि पैशाची ओढ लागली तेव्हा घरी केलेले खाण्याचे पदार्थ रस्त्याच्या कडेला विकले. १९८६ साली त्यांचे निधन झाले. ज्या वर्षी जपानात एक निवृत्त स्त्रीमल्ल शिक्षिका होऊन नवी पिढी घडवावयास लागली, त्याच वर्षी आपल्याकडची स्त्रीमल्ल आपली विद्या बरोबर घेऊन गेली. आणि त्यानंतर एकाच वर्षाने, १९८७ साली, नॉर्वेत स्त्रियांच्या कुस्तीची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली.

स्त्रियांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये आली ती २००४ साली, अथेन्सला. पुरुषांची तेथे १८९६ पासून होती. २०१६ साली रिओ येथे हरियाणाच्या साक्षी मलिक यांनी ५८ किलो गटात कांस्यपदक मिळवून भारताच्या स्त्रीकुस्तीचे ऑलिंपिक खाते उघडले. महाराष्ट्रात पुरुषांची ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धा १९६१ पासून भरते. स्त्रियांची पहिली ‘महाराष्ट्र केसरी’ मार्च २०२३ मध्ये सांगली येथे झाली. तिच्या अंतिम कुस्तीत सांगलीच्या प्रतीक्षा बागडी यांनी वैष्णवी पाटील यांना हरवून गदा मिळविली. हरलेल्या वैष्णवी पाटील कल्याणच्या. ज्या गावात हमीदाबानूंनी दूध विकून दिवस काढले, त्याच गावची मुलगी आपल्या तोडीच्या मुलीशी, आपल्या वजनाच्या गटात, नियमाने लढली आणि हरली. ही हार हमीदाबानूंच्या कित्येक विजयांपेक्षा मोलाची म्हटली पाहिजे, कारण ती जोडीची हार आहे.

आपल्या नागऱ्यास किंवा या साऱ्या धानपट्ट्यास स्त्रीच्या अंगच्या बळाची ओळख कोणी करून द्यावयास नको. रोवणीच्या दिवसांत चिखलात उभे राहून पाठ वाकवून दिवसभर राबणाऱ्या बाया आपण लहानपणापासून पाहतो. ते बळ कामाला आले की कोणी त्याला नुरा म्हणत नाही. तेच बळ मैदानात आले की मात्र शंका येते. याला उपाय कौतुकाची भाषणे हा नव्हे. विदर्भातच अमरावतीला श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे, आणि १९३६ साली त्याच्या तरुणांनी बर्लिनला आपले देशी खेळ जगाला दाखविले. संस्था धरून चालविली तर विदर्भातून काय होऊ शकते, याचा हा दाखला आहे. गावात एक आखाडा, त्यात मुलींसाठी ठरलेली वेळ, शिकविणारी एखादी जाणती स्त्री, आणि तालुक्याच्या दुसऱ्या गावात असाच आणखी एक आखाडा, एवढे झाले तर जोड आपोआप तयार होते.

हमीदाबानू किती बलवान होत्या, हा प्रश्न आता कायमचा अनुत्तरित राहिला आहे. तो त्यांनी ठेवला नाही. त्यांना जोड न देणाऱ्यांनी ठेवला. आपल्या गावच्या मुलींविषयी हाच प्रश्न पुढे कोणी विचारील, तेव्हा त्याचे उत्तर आखाड्यात मिळावे, एवढी तजवीज करणे आपल्या हाती आहे.