तीन सेकंदांत दगा न देणारं पिस्तूल

सात सेकंद लाल दिवा, मग तीन सेकंद हिरवा. लाल असेपर्यंत हात जमिनीकडे तिरका. हिरवा लागला की हात वर, नेम, चाप, एक गोळी. आणि हात पुन्हा खाली. असं पाचदा केलं की एक मालिका पूर्ण. २५ मीटर पिस्तूल प्रकाराच्या वेगवान फेरीत अशा सहा मालिका, म्हणजे ३० गोळ्या असतात. त्याआधीच्या अचूकतेच्या फेरीतही गोळ्या ३०च, पण तिथे पाच गोळ्यांना पाच मिनिटं मिळतात. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण मिळवलं, तेही लागोपाठ दोन शूट-ऑफ खेळून. अशा वेळी एखादी पुंगळी पिस्तुलात अडकली, तर हाताची कितीही तयारी असो, ती कामाला येत नाही.

म्हणून नियमित नेमबाजीसाठी सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल घेताना पहिला प्रश्न ‘किती अचूक?’ हा नसावा. २५ मीटरवर अचूकतेच्या फेरीतल्या लक्ष्याचं दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं असतं, वेगवान फेरीत १०० मिलिमीटरचं. नाव असलेल्या कारखान्याचं कोणतंही स्पर्धेचं पिस्तूल शिकंज्यात बांधून चालवलं, तर गोळ्या त्याहून बऱ्याच लहान जागेत पडतात. फरक पडतो तो दोन गोष्टींनी: पिस्तूल प्रत्येक गोळीला तेच आणि तसंच काम करतं का, आणि ते तुमच्या हातात दर वेळी त्याच जागी बसतं का.

आधी कायद्याचं. आपल्याकडे हे पिस्तूल १९५९च्या शस्त्र कायद्याखाली आणि २०१६च्या शस्त्र नियमांखाली येतं. परवाना आधी, पिस्तूल नंतर. ९ मिलिमीटरचा बोअर भारतात सर्वसामान्य नागरिकाला निषिद्ध आहे, त्यामुळे परदेशी मासिकांतली त्या पिस्तुलांची वर्णनं इथल्या खरेदीला उपयोगी पडत नाहीत. क्रीडा नेमबाजीत मुख्य काम आहे ते .२२ लाँग रायफल काडतुसाचं. शिकणाऱ्यानं आधी क्लबच्या पिस्तुलावर हात बसवावा आणि मगच स्वतःच्या पिस्तुलाचा विचार करावा.

निवड कशी करायची हे कळायला सोपी वाट म्हणजे एका काडतुसाचा प्रवास पाहणं. प्रत्येक टप्प्यावर पिस्तुलाचा एकेक भाग परीक्षेला बसतो.

प्रवास सुरू होतो मॅगझिनमधून. .२२च्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे बसायला हवी. ती मागे राहिली, तर पुढे सरकताना वरचं काडतूस खालच्या कडेला अडतं आणि त्याला ढकलणारा बोल्ट अर्ध्यावर थांबतो. म्हणून मॅगझिन हातात घेऊन नीट पाहा. वरच्या दोन ओठांसारख्या पट्ट्या सारख्या वाकलेल्या आहेत का? आतला ढकलपट्टा बोटानं दाबल्यावर कुठेही न अडखळता खाली जाऊन वर येतो का? पाच काडतुसं भरल्यावर त्यांचं टोक किंचित वर उचललेलं दिसतं का? पिस्तूल दगा देतं तेव्हा पहिला संशय मॅगझिनवर घ्यावा.

पुढचा टप्पा चेंबरचा. बोल्ट काडतूस ढकलून नळीच्या मागच्या खोबणीत बसवतो. .२२ची गोळी शिशाची असते आणि तिच्यावर मेणासारखं वंगण असतं. शेदोनशे गोळ्यांनंतर हे मेण, शिसं आणि जळलेली पूड चेंबरच्या तोंडाशी साचते आणि काडतूस पूर्ण आत जाईनासं होतं. म्हणून साफसफाई किती सोपी आहे हे खरेदीआधीच विचारा. काही पिस्तुलं बटण दाबताच उघडतात, काहींना किल्ल्या लागतात. रुगर कंपनीनं २०१६ साली आणलेल्या मार्क फोरचं मोठं आकर्षण एका बटणानं उघडणं हेच होतं. आधीच्या मार्क पिस्तुलांची जोडणी भल्याभल्यांना घाम फोडायची.

मग चाप. आंतरराष्ट्रीय नियमानुसार २५ मीटरच्या प्रकारांत चापाचं वजन किमान १००० ग्रॅम लागतं. तपासणीला नळी उभी धरून चापाला तेवढं वजन टांगतात; चाप ते न सुटता उचलून धरायला हवा. स्पर्धेच्या पिस्तुलाचा चाप बहुधा दोन टप्प्यांचा असतो: पहिल्यात तो हलकेच मागे येतो, मग भिंत लागल्यासारखा थांबतो, आणि तिथून थोडा दाब वाढला की सुटतो. पाहायचं ते हे की ती भिंत दर वेळी त्याच जागी लागते का, आणि तिथून पुढे घसरल्यासारखं, रेताड काही जाणवतं का. वजन बरोबर हजारावर न ठेवता थोडं वर ठेवावं. स्प्रिंग वापरानं सैल होते, आणि तपासणीत काही ग्रॅमांनी बाद होण्यासारखी चीड आणणारी गोष्ट नाही.

हे तपासताना शिस्त एकच: मॅगझिन बाहेर, बोल्ट उघडा, चेंबर डोळ्यांनी पाहिलेलं, नळी सुरक्षित दिशेला. आणि .२२मध्ये रिकामा चाप ओढण्याआधी विचारून घ्या. या काडतुसाची ठिणगी बुडाच्या कडेत असल्यानं फायरिंग पिन कडेवर आपटते. आत काडतूस नसेल, तर काही पिस्तुलांत ती थेट चेंबरच्या काठावर आपटून तिथे खाच पाडते. बऱ्याच स्पर्धेच्या पिस्तुलांत ड्राय फायरिंगची वेगळी सोय असते. घरी रोज चापाचा सराव करणाऱ्यानं ती असलेलंच पिस्तूल घ्यावं.

गोळी सुटली. आता पिस्तुलाची खरी कसोटी. .२२च्या बहुतेक पिस्तुलांत बोल्टला कुलूप नसतं. स्प्रिंगनं लोटून ठेवलेल्या दारासारखा तो नळीमागे टेकून असतो. गोळी पुढे जाते, त्याच वायूच्या दाबानं पुंगळी मागे रेटली जाते आणि बोल्ट मागे सरकतो. त्याचं वजन आणि स्प्रिंगचा जोर असा बेतलेला असतो की गोळी नळीबाहेर पडेपर्यंत तो फारसा हलत नाही. नळी जागची हलत नाही, हा या रचनेचा मोठा फायदा. ९ मिलिमीटरसारख्या जोरदार काडतुसाला मात्र बहुधा कुलूप लागतं. जॉन ब्राउनिंगच्या प्रसिद्ध रचनेत त्यासाठी नळीच थोडी मागे येऊन खाली कलते.

या साध्या रचनेचा एक हट्ट असतो: काडतूस तिला मानवलं पाहिजे. दारू कमजोर, तर बोल्ट पुरता मागे जात नाही. पुंगळी बाहेर पडत नाही किंवा पुढचं काडतूस उचललं जात नाही. दारू जास्त जोरदार, तर बोल्ट मागच्या भिंतीवर आपटत राहतो आणि भाग लवकर झिजतात. स्पर्धेची पिस्तुलं ‘स्टँडर्ड’ वेगाच्या काडतुसांसाठी जुळवलेली असतात. त्यामुळे पिस्तूल पाहताना तुमच्या शहरात वर्षभर कोणतं काडतूस मिळतं हे आधी पाहा आणि त्याच डब्यातल्या गोळ्यांवर चाचणी घ्या. एप्रिल-मेच्या उन्हात डबा गाडीत राहिला, तर गोळीवरचं वंगण मऊ होतं आणि धूळ धरतं. ती धूळ थेट चेंबरात जाते.

प्रवासाचा शेवट म्हणजे पुंगळी बाहेर फेकली जाणं. एक्स्ट्रॅक्टर नावाची छोटी आकडी तिची कड पकडून तिला मागे ओढते, इजेक्टर तिला टोला देऊन बाजूला उडवतो. आकडीची धार गोल झाली किंवा तिची स्प्रिंग थकली, की पुंगळी अर्धवट बाहेर येऊन बोल्टच्या चिमट्यात उभी राहते. चाचणीत पुंगळ्या कुठे पडतात ते बघा. सगळ्या साधारण एका दिशेला, सारख्या अंतरावर पडत असतील तर यंत्र तालात आहे. एक मागे, एक पायाशी, एक डोक्यावरून, असं झालं तर थांबा. दोन-चार पुंगळ्या उचलून कडेवरची पिनची खूणही पाहा: ती ठसठशीत आणि सगळ्यांवर सारखी हवी.

ही काटेकोरी कशासाठी, हे नियमांत दिसतं. गोळी सुटली नाही, तर नेमबाजानं नळी लक्ष्याकडेच ठेवायची, मोकळा हात वर करायचा आणि अधिकाऱ्याला बोलवायचं. पुंगळी अडकली असेल, पिन तुटली असेल किंवा काडतूसच फुसकं निघालं असेल, तर दोष ग्राह्य धरून संधी मिळते, पण तीही मर्यादित. सेफ्टी काढायची राहिली, मॅगझिन नीट बसलं नव्हतं, काडतूस कमी भरलं, किंवा अधिकारी येण्याआधी बोल्टला हात लावला, तर दोष नेमबाजाचा, गुण गेले. म्हणून अंधारातही बोटाला कळेल असा मॅगझिनचा खटका आणि सेफ्टीची स्पष्ट जागा यांची किंमत तुम्हाला वाटते त्याहून जास्त आहे.

आता हात. पिस्तूल डोळे मिटून लक्ष्याकडे उचला, मग डोळे उघडा. पुढची साइट मागच्या खाचेत जवळपास मधोमध दिसायला हवी. ती दर वेळी एकाच बाजूला दिसत असेल, तर ग्रिपचा कोन तुमच्या मनगटाचा नाही. लाकडी ग्रिप वेगवेगळ्या मापांत, उजव्या-डाव्या हाताच्या मिळतात आणि तळव्याखालची पट्टी वरखाली होते. लाकूड घासून नेमकं बसवताही येतं. जर्मनीच्या वॉल्थर जीएसपीत किंवा इटलीच्या पार्डिनी एसपीत मॅगझिन चापाच्या पुढे असतं. त्यामुळे वजन पुढे जातं, ग्रिपला हवा तसा आकार देता येतो आणि नळी हाताजवळ बसल्यानं गोळीनंतर तोंड कमी उचलतं. अमेरिकी पिस्तुलांत मॅगझिन बहुधा मुठीतच असतं. ती स्वस्त आणि दणकट, पण ग्रिप बदलायला वाव कमी. स्पर्धा खेळायची असेल तर मोजपट्टी हाती ठेवा: वजन १४०० ग्रॅमपर्यंत, नळी १५३ मिलिमीटरपर्यंत, दोन साइटमधलं अंतर २२० मिलिमीटरपर्यंत.

चाचणीला किमान २०० गोळ्या बाजूला काढा. मॅगझिनांवर मार्करनं आकडे घाला आणि प्रत्येक अडथळा वहीत लिहा: कोणतं मॅगझिन, कितवी गोळी, काय अडलं. अडथळा एकाच मॅगझिनला चिकटला असेल तर प्रश्न लहान आहे. तो सगळ्यांत फिरत असेल तर स्प्रिंग, आकडी किंवा चेंबर तपासायला हवं.

वापरलेलं पिस्तूल वाईटच असं नाही. चांगल्या क्लबात निगा राखलेली जुनी पिस्तुलं वर्षानुवर्षं पदकं देतात. नळीच्या तोंडाचा काठ टॉर्च धरून पाहा. चुकीच्या सळईनं साफ केल्याचे ओरखडे तिथेच दिसतात, आणि गोळी शेवटचं टेकते ती त्याच काठाला. बोल्टचा मागचा भाग चेपला आहे का तेही पाहा. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल, तर पावसाळ्यात फोमच्या पेटीत पिस्तूल कायमचं ठेवू नका. फोम ओल धरून ठेवतो.

शेवटी दोन पिस्तुलं तुल्यबळ वाटली, तर ज्याच्या स्प्रिंगा, पिना आणि मॅगझिनं पुढच्या वर्षीही मिळतील आणि ज्याला उघडून बसवणारा माणूस तुमच्या गावच्या रेंजवर आहे, ते घ्या. आणि दुसरं मॅगझिन त्याच दिवशी घ्या.