उताराला रेस द्यायची

जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात लोक माझ्या जावाजवळ थांबतात, टाकीच्या क्रोमवरून हात फिरवतात आणि दोन प्रश्न विचारतात. किती सालची? आणि आज विकली तर किती येतील? साल मी सांगतो, 1968. पैशांचं उत्तर देत नाही. ही गाडी चालते कशी, हे मात्र कुणी फारसं विचारत नाही. मला सांगायचं असतं ते नेमकं तेच.

मी गुरांचा डॉक्टर. नोकरीची उमेदीची वर्षं शाहूवाडी तालुक्यात, मलकापूरच्या आसपास गेली. कोल्हापूर-रत्नागिरी रस्ता सोडला की वाड्या-वस्त्यांना तेव्हा धड वाट नसायची. म्हैस अडली की निरोप रात्री यायचा आणि तोही पावसात. सरकारी जीप तालुक्याला एखादी, तीही बहुतेक बाहेर. म्हणून एका निवृत्त मास्तरांकडून मी ही जावा 250 घेतली. मागच्या सीटवर कृत्रिम रेतनाचं नायट्रोजनचं कंटेनर दोरीनं आवळून बांधायचो. आत उणे 196 अंशांचा द्रव, त्यात वळूच्या वीर्याच्या नळ्या. कंटेनर आडवं झालं की नायट्रोजन उडून जाणार आणि नळ्या वाया. त्यामुळे गाडी पडू द्यायची नाही, एवढं एकच पथ्य मी पाळायचो. जावाची चाकं लहान आणि वजन खाली, त्यामुळे चिखलातसुद्धा ती पायाखाली राहायची. बुलेटवर माझं प्रेम आहे, पण त्या वाटांवर मी बुलेट नेली नसती.

जावा मुळात चेकोस्लोव्हाकियाची. फ्रांतिशेक यानेचेक नावाच्या उद्योजकानं 1929 मध्ये जर्मनीच्या वाँडरर कंपनीकडून मोटरसायकलचे हक्क घेतले आणि स्वतःच्या व वाँडररच्या नावाची पहिली दोन-दोन अक्षरं जोडून गाडीला नाव दिलं. दुसऱ्या महायुद्धात देश जर्मनांच्या ताब्यात असताना तिथल्या इंजिनिअरांनी चोरून एक नवी 250 सीसी गाडी तयार केली. ती 1946 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात जगापुढे आली. माझ्या गाडीच्या अंगात त्याच गाडीचा वारसा आहे. भारतात इराणी कुटुंबानं म्हैसूरला ‘आयडियल जावा’ हा कारखाना काढला. 1961 च्या सुमारास तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. सत्तरच्या दशकात याच गाड्या येझदी या नावानं यायला लागल्या, पुढे रोडकिंग आली आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला.

आता गाडीकडे येऊ. डाव्या पायाशी एकच लिव्हर आहे. तीच किक आणि तोच गिअर. आत दाबून मागे फिरवली की ती उभी राहते, मग किक मारायची. इंजिन सुरू झालं की तीच लिव्हर पुढे आणायची, की तिचा गिअर होतो. आणखी एक करामत अशी की गिअरची लिव्हर पायानं दाबली की आतला कॅम क्लचही सोडवतो. हाताचा क्लच न दाबता गिअर बदलतो. डाव्या हातात कंदील धरून ओढा ओलांडताना या सोयीची किंमत मला कळली. ज्यानं हे डोकं चालवलं त्याला मी मनोमन मानतो.

सकाळी सुरू करण्याचाही एक रिवाज. पेट्रोलचा कॉक उघडायचा. कार्ब्युरेटरवरची छोटी घुंडी बोटाला पेट्रोल लागेपर्यंत दाबून धरायची. स्विच बंद ठेवून एक-दोन रिकाम्या किका, मग स्विच लावून एक खरी किक. गाडी लागली तर त्या किकेला लागते. नाही लागली तर ती काहीतरी सांगते आहे. अशा वेळी किका मारत बसण्यापेक्षा खाली बसून बघावं.

बघायचं काय, हे कळायला टू-स्ट्रोक इंजिन समजलं पाहिजे. हल्लीच्या गाड्या फोर-स्ट्रोक. पेट्रोल-हवा आत घेणं, दाबणं, पेटवणं आणि धूर बाहेर टाकणं या चार कामांसाठी तिथं पिस्टन दोनदा वर आणि दोनदा खाली जातो. टू-स्ट्रोकमध्ये हे सगळं एकदा वर, एकदा खाली एवढ्यातच उरकतं. व्हॉल्व्ह नाहीत. सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या कापलेल्या असतात, त्या पिस्टनच जाता-येता उघडतो आणि झाकतो. पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी पिस्टनखालच्या क्रँकच्या खोलीत येतं आणि तिथून वर ढकललं जातं. या खोलीतून सतत मिश्रण वाहत असल्यानं तिथं ऑइल साठवून ठेवता येत नाही. म्हणून ऑइल पेट्रोलमध्येच घालायचं, लिटरला 40 मिली. तेच ऑइल जाता जाता बेअरिंगना, कनेक्टिंग रॉडला आणि पिस्टनला लागतं आणि शेवटी जळून सायलेन्सरमधून निळा धूर होऊन बाहेर पडतं.

जागेवर उभी असताना जावाचा ठोका मध्येच चुकल्यासारखा येतो. नव्या माणसाला वाटतं बिघाड आहे. तो बिघाड नाही. कमी रेसवर आधीचा जळका वायू सिलिंडरमधून पुरता निघत नाही. ताज्या मिश्रणात तो मिसळला की एखाद्या फेऱ्याला ठिणगी पडूनही पेट घेत नाही, पुढच्याला घेतो. रेस दिली की ठोके सलग होतात. माझ्या कानाला त्या चुकत्या ठोक्याइतकं गोड काही नाही.

आता आंबा घाट. मलकापूरकडून निघालं की आंबा गाव येतं आणि पुढे घाट साखरप्याकडे कोकणात उतरतो. माझे मिस्त्री कोल्हापूरच्या उद्यमनगरातले. गाडी त्यांनी पहिल्यांदा तपासली, तेव्हा पैसे घेण्याआधी एक गोष्ट सांगितली, “डॉक्टर, उताराला गाडी मोकळी सोडू नकासा. अधनंमधनं रेस द्यायची.” उतारावर वेग आवरायचा तर थ्रॉटल बंद करून गाडी गिअरमध्ये ठेवावी, हा सर्वसाधारण नियम. फोर-स्ट्रोकला तो चालतो, कारण तिचं ऑइल वेगळं असतं आणि पंपानं फिरत राहतं. टू-स्ट्रोकमध्ये थ्रॉटल बंद म्हणजे पेट्रोल जवळजवळ बंद, आणि पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद. मागचं चाक इंजिनला जोरात फिरवत राहतं आणि पिस्टन कोरड्या भिंतीवर घासत राहतो. तापून फुगला की तो पकडतो. इंजिन जाम, मागचं चाक जाम, आणि पुढे घाटाचं वळण. त्यावर उपाय एवढाच की दर थोड्या वेळानं क्षणभर रेस द्यायची, म्हणजे ऑइलचा एक घोट आत जातो. मी आयुष्यभर उताराला रेस दिली आणि माझं इंजिन घाटात कधी पकडलं नाही.

ही अक्कल गाडीबरोबर मिळणाऱ्या कुठल्याही कागदानं मला इतक्या नेमकेपणानं दिली नाही. ती त्या मिस्त्रींच्या डोक्यात होती. तशीच प्लग वाचण्याची. गुराचं शेण पाहून मला त्याच्या पोटातलं कळतं, तसं त्यांना प्लग पाहून इंजिनातलं कळायचं. टोक विटकरी-चॉकलेटी असेल तर सगळं ठीक. काळं आणि ओलं असेल तर ऑइल जास्त किंवा ठिणगी कमजोर. पांढरं पडलं असेल तर सावध व्हायचं, कारण मिश्रणात हवा जास्त होते आहे. क्रँकचे ऑइल सील वाळून कडक झाले की तिथून चोरवाटेनं हवा आत शिरते. थ्रॉटल सोडली तरी रेस खाली येत नाही आणि प्लग पांढरा होतो. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं आणि गाडी पांढराशुभ्र धूर सोडते. एवढंसं रबरी कडं, पण पुरं इंजिन उघडल्याशिवाय बदलता येत नाही. इंजिन खोलायचं की नाही, हे मिस्त्री नुसत्या प्लगवरून आणि धुरावरून सांगायचे.

कारखाना बंद झाला तेव्हा पार्टचं कसं होणार ही धास्ती होती. आमच्या भागात ती उद्यमनगरानं दूर केली. जिथं उसाच्या चरकाचे आणि पंपांचे भाग ओतले आणि कातले जातात, तिथल्या माणसाला जावाचं बुश किंवा शाफ्ट कातून देणं अवघड नाही, फक्त नमुना हवा. पुण्याचे मित्र नाना पेठेत आणि रविवारच्या जुन्या बाजारात शोधत फिरायचे. त्या काळात ज्यांनी घासलेला पार्टसुद्धा फेकला नाही, नमुन्याला म्हणून जपला, त्यांच्यामुळे आज या गाड्या रस्त्यावर आहेत.

या गाड्यांची बाजू घेताना एक गोष्ट लपवू नये. टू-स्ट्रोक धूर करते, आणि खिडक्या एकाच वेळी उघड्या राहत असल्यानं थोडं कच्चं पेट्रोलही बाहेर टाकते. 2000 नंतर प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि टू-स्ट्रोक मोटरसायकली मागे पडल्या, ते योग्यच झालं. 2018 मध्ये जावा हे नाव परत आलं आणि 2022 मध्ये येझदी. त्या गाड्या फोर-स्ट्रोक, पाण्यानं थंड होणाऱ्या. चांगल्या आहेत. पण उताराला रेस द्या, असं त्यांच्याबाबत कुणाला सांगावं लागत नाही.

जुन्यांपुढे आता नवा प्रश्न आहे तो पेट्रोलचा. पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे पावसाळाभर उभ्या गाडीच्या टाकीला आतून गंज धरतो. जुन्या रबराच्या नळ्या आणि सील त्यानं खराब होतात. शिवाय त्याला जळायला हवा कमी लागते, म्हणजे जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं आणि प्लग पांढरा होतो. मी कार्ब्युरेटरची सुई एक खाच वर घेतली, नळ्या नव्या टाकल्या, आणि गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करतो.

कायदाही माहीत असावा. 2021 मध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात ठेवलेल्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात आणि नोंदणी दहा वर्षं चालते. ती घेतली की गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं अशा कारणांनीच बाहेर काढता येते. मी ती घेतलेली नाही. मला आठवड्याला मंडईत जायला गाडी लागते, म्हणून साध्या नोंदणीचंच नूतनीकरण करत आलो. काचेमागे ठेवलेल्या गाडीचे सील वाळतात, आणि तिला सुरू कसं करायचं हे घरातली पोरं विसरतात. त्यातलं दुसरं नुकसान मला मोठं वाटतं, कारण सील नवं विकत आणून बसवता येतं.

तुमच्या घरी, गोठ्याच्या कडेला वडिलांची जावा, येझदी किंवा राजदूत ताडपत्रीखाली उभी असेल, तर उत्साहानं एकदम किक मारू नका. आधी प्लग काढा, भोकातून दोन चमचे ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी लिव्हर हातानं हळूहळू फिरवून बघा. जुनं पेट्रोल काढून टाका, टाकी धुवा. कपाटातून आरसी बुक शोधून काढा, ते नसेल तर पुढची वाट फार अवघड होते. आणि मग तुमच्या गावातल्या त्या गाडीच्या जुन्या मिस्त्रींना घरी बोलवा. चहा द्या, मुलाला किंवा मुलीला वही घेऊन शेजारी बसवा आणि ते हातानं काय करतात, कानानं काय ऐकतात, हे सगळं विचारून लिहून घ्या. माझे मिस्त्री गेले. तुमचे अजून असतील तर दिवाळीची वाट पाहू नका, या रविवारीच जा.