डोंगर जवळ हवा, की अंगणात?

दुरून डोंगर साजरे, ही म्हण आपल्याकडे परंपरेने चालत आली आहे. परंतु अलीकडे डोंगराच्या कुशीतच कायमचे बिऱ्हाड थाटण्याची ओढ सुशिक्षित तरुणांत वाढीस लागलेली दिसते. गिर्यारोहणाचा छंद जोपासता यावा म्हणून गाव व नोकरी निवडणारे हे तरुण कौतुकास पात्र आहेत, यात संशय नाही. तथापि डोंगराशेजारी राहणे आणि डोंगर आपल्या आवाक्यात असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचा विचार घर बांधण्यापूर्वीच झालेला बरा.

तेन्सिंग नोर्गे यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. एव्हरेस्टच्या छायेतील खुंबू प्रदेशात ते वाढले. पण तरुणपणी तेथून निघून दार्जिलिंगला स्थायिक झाले. शिखरापासून दूर जाऊन शिखर जवळ करण्याचा हा प्रकार वरकरणी विसंगत वाटेल. परंतु त्या काळी नेपाळची दारे परकीय मोहिमांना बंद होती. एव्हरेस्टकडे जाणारी पथके दार्जिलिंगला शेर्पांची भरती करून तिबेटमार्गे जात. १९३५ साली एरिक शिप्टन यांच्या मोहिमेत तेन्सिंग यांना काम मिळाले ते दार्जिलिंगलाच. पुढे २९ मे १९५३ रोजी ते हिलरी यांच्यासमवेत शिखरावर पोहोचले आणि १९५४ मध्ये दार्जिलिंगला गिर्यारोहणाचे शिक्षण देणारी संस्था उभी राहिली. डोंगर माणसाच्या आवाक्यात येतो तो वाट, सोबती, शिक्षण आणि उपजीविका यांच्या बळावर. खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्यामुळे नव्हे, हाच याचा इत्यर्थ.

हाच निकष सह्याद्रीस लावून पाहावा. पावसाळ्याचे चार महिने येथील कातळ निसरडा असतो, तर उन्हाळ्यात तो तापतो. प्रस्तरारोहणाचा खरा हंगाम मुख्यत्वे हिवाळ्याचा. तेवढ्या दिवसांसाठी रानात एकाकी घर बांधणाऱ्यास उरलेले वर्ष पोटापाण्याची, मुलांच्या शाळेची आणि प्रसंगी इस्पितळाची चिंता वाहावी लागते. याउलट बेळगावसारख्या शहरात राहणाऱ्यास पश्चिमेस चोर्ला व आंबोलीचे घाट आहेत, पूर्वेस बदामीचे तांबडे वालुकाश्म कडे आहेत आणि नित्याच्या गरजांची सोय घराजवळच आहे. पुणेकरांनी सिंहगड, राजगड व तोरणा आपलेसे केले तेही शहरात राहूनच. आम्हां गोमंतकीयांची दृष्टी स्वभावतः समुद्राकडे. परंतु सत्तरीतील १,१६६ मीटर उंचीचा सोसोगड आपल्याच भूमीत उभा आहे, याचे स्मरण किती जणांना असते?

प्रश्न केवळ सोयीचा असता तर त्यासाठी ही जागा खर्ची घालण्याचे कारण नव्हते. जोशीमठ हे हिमालयातील यात्रेकरूंचे व गिर्यारोहकांचे प्रवेशद्वार. ते जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसले असून तेथे अवजड बांधकामे करू नयेत, असा इशारा मिश्रा समितीने १९७६ सालीच दिला होता. तो मानला गेला नाही. जानेवारी २०२३ मध्ये शेकडो घरांच्या भिंतींना तडे गेले आणि कुटुंबांना राहती घरे सोडावी लागली. गोव्यात नगरनियोजन कायद्याच्या १७-अ कलमान्वये परवानगीवाचून डोंगर कापण्यास मनाई आहे. तरीही उतारावर उमटलेल्या तांबड्या जखमा रस्त्याने जाणाऱ्या कोणासही दिसतात. निसर्गप्रेमाच्या नावाखाली विकले जाणारे भूखंड ज्या डोंगरासाठी माणूस तेथे येतो, त्याचाच घास घेत असतील तर त्या प्रेमास काय म्हणावे?

पारोड्याच्या चंद्रनाथ पर्वतावर चंद्रेश्वर भूतनाथ विराजमान आहे आणि लोकवस्ती पायथ्याशी आहे. भाविक चढून जातो, दर्शन घेतो, उतरून घरी येतो. डोंगराशी वागण्याची ही जुनी रीत आजच्या गिर्यारोहकासही मार्गदर्शक ठरावी. घर गावात असावे, वाट डोंगरावर असावी. शासनाने सत्तरी, सांगे व काणकोणच्या पायथ्याच्या गावांपर्यंत पहाटेच्या बसगाड्या सोडाव्यात, स्थानिक तरुणांना वाटाड्याचे व बचावकार्याचे शिक्षण द्यावे, वनखात्याने पायवाटा निश्चित करून द्याव्यात. एवढे झाले तर डोंगरासाठी कोणालाही उतार कापून घर बांधण्याची गरज उरणार नाही.