बॅटरी फवारणी पंपाचा रेग्युलेटर का जळतो?

झरी जामणी तालुक्यात कपाशी, सोयाबीन आणि तूर ही खरिपाची मुख्य पिके. या पिकांवरील फवारणीसाठी हातपंपाऐवजी १२ व्होल्टचा बॅटरी पंप आता बहुतेक घरी दिसतो. या पंपात वारंवार बिघडणारा भाग म्हणजे मोटारीचा वेग कमी-जास्त करणारा रेग्युलेटर. तो जळण्याचे एक मोठे कारण आणि त्यावरील स्वस्त उपाय या लेखात दिला आहे.

बिघाड कसा होतो?

रेग्युलेटरमध्ये मॉसफेट नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. तो मोटारीचा प्रवाह सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा चालू-बंद करतो. चालू राहण्याचा काळ वाढवला की मोटार जोरात फिरते, कमी केला की हळू.

मोटारीत तांब्याच्या तारेचे वेढे असतात. त्यांतून प्रवाह वाहताना चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठते. स्विच एकदम बंद झाला तरी हा प्रवाह तत्क्षणी थांबू शकत नाही. पाइपमधून जोरात पाणी वाहत असताना व्हॉल्व्ह झटकन बंद केला तर पाइपला दणका बसतो, तसाच हा प्रकार आहे. वाट न मिळाल्यामुळे मोटारीच्या टोकांवर उलट दिशेचा दाब तयार होतो. बॅटरी १२ व्होल्टची असली तरी हा क्षणिक दाब त्याच्या कितीतरी पट चढतो. मॉसफेटची सहनशक्ती संपली की तो जळतो.

बिघाड कसा ओळखावा?

मॉसफेट जळताना बहुधा आतून जोडला जातो. मग बटन कितीही फिरवले तरी पंप पूर्ण वेगानेच चालतो. हे केवळ गैरसोयीचे नाही. दाब वाढला की नोझलमधून बारीक तुषार निघतात, ते वाऱ्याबरोबर उडतात आणि फवारणाऱ्याच्या अंगावर, श्वासात जातात. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. म्हणून वेग आटोक्यात न राहणारा पंप फवारणीस वापरू नये.

उपाय : उलटा डायोड

डायोड प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देतो. तो मोटारीच्या दोन तारांमध्ये उलटा जोडावा. मोटार चालू असताना त्यातून प्रवाह जात नाही. स्विच बंद होताच मोटारीतील उरलेला प्रवाह डायोडमधून परत मोटारीतच फिरतो आणि हळूहळू विरतो. त्यामुळे मॉसफेटवरील दाब बॅटरीच्या दाबापेक्षा साधारण एक व्होल्टच वर जातो.

डायोड कोणता घ्यावा?

दुकानात सहज मिळणारा १एन ४००७ हा १ अँपिअरचा व संथ डायोड आहे. रिलेच्या डीसी कॉइलला तो चालतो, पण वेगाने चालू-बंद होणाऱ्या पंपाच्या मोटारीला नको. एसआर ५६० हा ५ अँपिअर, ६० व्होल्टचा शॉटकी डायोड १२ व्होल्टच्या पंपास योग्य आहे. मोटारीवर लिहिलेला अँपिअर वाचावा. डायोडची क्षमता त्यापेक्षा जास्त असावी. डायोडची किंमत नव्या रेग्युलेटरच्या मानाने नगण्य असते.

जोडण्याची पद्धत

१) पंप साबणाच्या पाण्याने धुवावा, वाळू द्यावा आणि बॅटरी काढून ठेवावी. औषधाने भिजलेला पंप उघडू नये. काम करताना हातमोजे वापरावेत.
२) जोडण्याआधी डायोड मल्टिमीटरवर तपासावा. एका दिशेने आकडा दिसावा, दुसऱ्या दिशेने दिसू नये.
३) डायोडवर एका टोकाला पट्टी असते. ते टोक मोटारीच्या धन तारेला आणि दुसरे टोक मोटारीच्या ऋण तारेला जोडावे. जोड शक्यतो रेग्युलेटरजवळ द्यावा.
४) सांधा डाग देऊन पक्का करावा व त्यावर इन्सुलेशनची नळी चढवावी.
५) बॅटरीच्या धन तारेत योग्य अँपिअरचा फ्यूज असावा.

डायोड उलट बसला तर पंप चालू करताच शॉर्ट होतो. बॅटरीच्या तारा उलट लागल्या तरी तेच घडते. म्हणून फ्यूज टाळू नये. जळालेला मॉसफेट डायोडमुळे दुरुस्त होत नाही. आधी रेग्युलेटर बदलावा, मग डायोड लावावा.

हे लक्षात ठेवावे

काही रेग्युलेटरमध्ये डायोड आधीच असतो. तरीही रेग्युलेटर जळत असेल तर ओलावा, सैल जोड किंवा कचऱ्याने अडकलेला पंप ही कारणे तपासावीत. अडकलेली मोटार नेहमीपेक्षा बराच जास्त प्रवाह ओढते. गाळणी दर फवारणीनंतर धुवावी.

हा उपाय फक्त डीसी मोटारीसाठी आहे. विहिरीवरील किंवा बोअरवरील एसी मोटारीला अथवा तिच्या स्टार्टरच्या एसी कॉइलला असा डायोड कधीही लावू नये. तेथे शॉर्ट होऊन अपघात होऊ शकतो. त्या कामासाठी जाणकार वायरमनकडूनच एसीला चालणारे संरक्षण बसवून घ्यावे.

हंगाम सुरू होण्याआधी पंपात साधे पाणी भरून, बटन कमी-जास्त करून पाहावे. वेग बदलत नसेल तर दुरुस्ती तेव्हाच करून घ्यावी.