आरतीचा आवाज आणि अंगणाची जागा

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस गिरगावातील वाड्यावाड्यांच्या अंगणांत गणरायाचे आगमन होते आणि अनंत चतुर्दशीस ती अंगणे पुन्हा रिती होतात. मधल्या दिवसांचे वर्णन उत्सवाच्या पानावर दरवर्षी येतच असते. परंतु विसर्जनाहून परतल्यावर मंडपाच्या दोऱ्या सोडणारी, वर्गणीचा हिशेब जुळविणारी आणि उरलेले साडेअकरा महिने तुंबलेल्या गटारापासून गळक्या टाकीपर्यंत सर्व गोष्टींचा पाठपुरावा करणारी जी मंडळी, त्यांच्याविषयी आज चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटते. मुंबईच्या चाळींत उत्सव मंडळ आणि रहिवासी संघ या दोन संस्था कागदोपत्री निराळ्या असतील. माणसे मात्र तीच, चिटणिसांचे हस्ताक्षर तेच, आणि दोहोंच्या वह्या ठेवण्याची पत्र्याची ट्रंकही बहुधा तीच.

ही सांगड जुनी आहे. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीतील सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ सालचा. तो मुंबईतील पहिला मानला जातो. १९०१ साली लोकमान्य टिळकांनी त्यास भेट दिली होती. मूर्तीची उंची हाच मोठेपणाचा मापदंड ठरलेल्या या शहरात तेथील मूर्ती दोन फुटांच्या आसपासच राहिली आणि पालखीतूनच मिरवीत गेली, हे आवर्जून सांगण्याजोगे आहे.

उत्सव चाळीतच का रुजला, याचे उत्तर चाळीच्या बांधणीत आहे. दोन किंवा तीन बाजूंस इमारती, मध्ये अंगण, आणि प्रत्येक मजल्यास अंगणाकडे तोंड करून असलेली लांबलचक सामाईक गॅलरी. ज्यांस जिना उतरवत नाही ते वरूनच हात जोडतात. आरतीस कोण आले नाही हे न विचारता कळते. नाट्यगृह बांधणाऱ्यानेही याहून सोयीची रचना केली नसती. परंतु जी रचना झांजांचा नाद घुमविते, तीच ध्वनिक्षेपकाच्या आवाजालाही कोंडून धरते. समोरासमोरच्या भिंतींवर आदळून तो पुन्हा पुन्हा परततो, आणि दहा बाय बाराच्या खोलीत अंथरुणास खिळलेल्या माणसास कूस बदलण्यापलीकडे उपाय उरत नाही.

काही वर्षांपूर्वीची एका वाडीतील हकीकत आम्ही ऐकली. वाडीचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. गिरगावातून भुयारी मेट्रोचे काम चालू असताना रस्ते पत्र्यांनी आक्रसले होते. वाहने एकमेकांच्या पाठीस लागून भोंगे वाजवीत, आणि रात्री यंत्रांची धडधड सुरू होई. दक्षिण मुंबईतील रहिवासी हे गाऱ्हाणे घेऊन उच्च न्यायालयात गेले होते. २०१७ मध्ये रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत काम थांबविण्याचा आदेश झाला व पुढच्या वर्षी अटींसह ती बंदी उठली. आमच्या या वाडीचे शिष्टमंडळ मात्र साधा अर्ज घेऊन कामाच्या ठिकाणच्या कचेरीत गेले. तेथील अधिकाऱ्याने अर्ज वाचला, चहा मागविला, आणि अगदी सौम्यपणे विचारले की, गेल्या विसर्जनाच्या रात्री आपल्या मंडळाचे कर्णे किती वाजता बंद झाले होते? चहा येण्यापूर्वीच शिष्टमंडळ उठले.

प्रश्न खोचक होता, पण गैरलागू नव्हता. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, त्यांत यंत्र आणि मंडप असा भेद नाही. निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रुग्णालय, शाळा व न्यायालय यांच्या भोवतालच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात त्याहूनही कमी, म्हणजे ५० व ४०. डेसिबलचे गणित सरळ बेरजेचे नव्हे. दर १० डेसिबलमागे ध्वनीची शक्ती दसपट होते. म्हणून ५५ च्या जागी ९५ झाले तर आवाज चाळीसने नव्हे, शक्तीच्या हिशेबाने दहा हजार पटींनी वाढलेला असतो. मंडपात काटा 'थोडासा' वर सरकविणाऱ्या हौशी तरुणास हे कोणी समजावून सांगितलेलेच नसते. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याच्या नियमावर सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली शिक्कामोर्तब केले. उत्सवांसाठी मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते ती राज्य शासनाने ठरविलेल्या दिवसांपुरती, आणि असे दिवस वर्षाकाठी १५ हून अधिक असू शकत नाहीत. त्याआधी २००० सालीच, मद्रासमधील एका प्रार्थनास्थळाच्या खटल्यात, इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, असा अभिप्राय त्याच न्यायालयाने दिला होता. सणाच्या पानावर कायद्याची कलमे कशास, असे काही वाचक म्हणतील. तथापि अर्ज घेऊन जाणाऱ्यास ती ठाऊक असावी लागतात, आणि अर्ज घेणाऱ्यास ती बहुधा ठाऊक असतात.

त्या वर्षी वाडीच्या सभेत बरीच खडाजंगी झाली. तरुणांचे म्हणणे असे की, शेजारच्या मंडळापुढे आपण फिके पडू. पहिल्या मजल्यावरच्या एका आजींनी, ज्यांचे यजमान दोन वर्षे अंथरुणावर होते, एवढेच सांगितले की, मला वर्गणी परत नको, दहानंतर झोप हवी. अखेर ठराव झाला: कर्ण्यांचे तोंड अंगणाच्या आत, रात्रीची आरती केवळ टाळ-झांजांवर, मिरवणुकीत लेझीम व ढोल-ताशा, आणि दहाच्या ठोक्यास सर्व बंद. परिणाम सर्वस्वी गोड झाला असे लिहिणे खोटेपणाचे होईल. चार-पाच मुले दुसऱ्या मंडळात गेली, एका दुकानदाराने देणगी निम्मी केली. परंतु पुढच्या खेपेस अर्ज नेला तेव्हा त्याची पोच मिळाली, आणि रात्रीची मालवाहतूक वाडीच्या तोंडापासून पुढे सरकली.

मेट्रो २०२५ च्या ऑक्टोबरात कफ परेडपर्यंत धावू लागली. पत्रे निघाले, रस्ता मोकळा झाला. आता वाडीपुढे जो प्रश्न उभा आहे तो याहून गहन आहे, आणि त्यात कर्ण्याची कळ फिरविण्याने भागण्यासारखे नाही.

या चाळी जीर्ण का झाल्या, हे गिरगावकरांस सांगावयास नको. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. भाडेकरू बेघर झाला नाही हे त्या कायद्याचे उपकार. पण घरमालकास दुरुस्तीत रस उरला नाही. १९६९ च्या कायद्याने उपकर आकारून दुरुस्तीचे काम शासकीय मंडळाकडे आले, पुढे ते म्हाडात विलीन झाले. टेकू लावता लावता टेकूच इमारतीचा भाग बनले. आता अशा उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासास ५१ टक्के रहिवाशांची संमती पुरते आणि भाडेकरूस किमान ३०० चौरस फुटांचे घर मालकी हक्काने मिळते. स्वतःचे न्हाणीघर, उद्वाहन, चोवीस तास पाणी. सार्वजनिक नळावर पहाटे चारला उठून ज्यांनी आयुष्य काढले, त्या माउलींनी हे नाकारावे असे सुचविण्याचा अधिकार आम्हांस नाही. चाळीच्या आठवणींनी गहिवरणारे बहुधा उपनगरात स्वतंत्र घरात राहत असतात.

परंतु गेल्या आषाढात याच वाडीची एक बैठक पाहण्याचा योग आला, तेव्हा विकासकाने धाडलेला नकाशा सतरंजीवर पसरला होता. तळमजल्यापासून वर कित्येक मजले वाहनतळ, त्यावर पोडियम, पोडियमवर बाग, आणि मग घरे. बराच वेळ सर्वांनी आपापली खोली शोधली. मग एका निवृत्त शिक्षकांनी चष्मा पुसत विचारले, "यात गणपती कुठे बसतो?"

विकासकाच्या प्रतिनिधीने बागेकडे बोट दाखविले. बसेल की! सभेतील एका वकील भगिनींनी मात्र पेन्सिल उचलली. त्यांचे म्हणणे असे: आज तोंडी मिळालेला होकार उद्या बंधनकारक नाही. नव्या इमारतीत विक्रीची घरे घेणारे लोक येतील, संस्थेच्या सभेत त्यांचीच मते अधिक भरतील, आणि त्यांतील एखाद्यास बागेतील मांडव हीच 'अडचण' वाटली तर आपण कोणता कागद दाखविणार? तेव्हा उत्सवासाठी सामाईक जागा, तिचे क्षेत्रफळ, किती दिवस वापर आणि तेथे जाण्याचा जिना हे सर्व नोंदणीकृत करारात व मंजूर नकाशात यावे. आवाजाची मर्यादाही त्याच कलमात आपणच लिहून द्यावी, म्हणजे नव्या शेजाऱ्यास तक्रारीस जागा राहणार नाही.

हे शेवटचे वाक्य ऐकून मागे बसलेल्या तरुणांत चुळबुळ झाली. पण विरोधास कोणी उठले नाही.

दुसरा प्रश्न मधल्या वर्षांचा. कोणी संक्रमण शिबिरात, कोणी भाडे घेऊन डोंबिवलीस, कोणी विरारला. इमारत उभी राहीपर्यंत मूर्ती कोठे बसवावी? परिसरातील एखाद्या सभागृहात दीड दिवस, अशी सूचना आली. परंपरा खंडू नये यावर एकमत झाले. दीड दिवस की पाच, यावर नाही. ज्या वाड्यांतील रहिवासी एकदा पांगले ते पुन्हा एका आरतीस जमलेच नाहीत, त्यांची नावे हलक्या आवाजात घेतली गेली.

प्रतिनिधी आराखडा परत घेऊन जाऊ लागले तेव्हा त्यांना तो दिला गेला नाही. दुरुस्त्यांसह नवा आणावा, असे नम्रपणे सांगण्यात आले. जुना आता ट्रंकेत, पावतीपुस्तकांच्या खाली आहे. त्यानंतर चिटणिसांनी पाटपूजनाची तिथी वाचून दाखविली. वर्गणीचा आकडा गतवर्षीचाच ठरला, आणि मंडप नेहमीच्याच जागी, पिंपळाच्या पाराशेजारी घालावा असे ठरून सभा उठली.