पंचवीस टक्के जागांचा खर्च
नांदेड-लातूरमधल्या मुलाचा 'आरटीई'च्या सोडतीत नंबर लागला, की विनाअनुदानित खासगी शाळेत आठवीपर्यंत त्याची फी माफ होते. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई) अशा २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी राखीव ठेवल्या. शाळेची फी किंवा सरकारचा दर विद्यार्थ्यामागचा खर्च, यांतली कमी रक्कम सरकार शाळेला देते. महाराष्ट्राने त्यासाठी वर्षाला १७,६७० रुपयांचा दर ठरवला होता. ही रक्कम थकते, ही संस्थाचालकांची जुनी तक्रार. दुसरीकडे, मुले अशी खासगी शाळेत गेल्याने जिल्हा परिषद शाळेचा पट घटला, की संचमान्यतेत, म्हणजे पटानुसार पदे मंजूर करताना, शिक्षकाचे पद जाते. वर्गखोली आणि वीजबिल मात्र तेवढेच राहते. फेब्रुवारी २०२४मध्ये सरकारने सरकारी वा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना या राखीव जागांच्या बंधनातून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैत ती रद्द केली.