श्वेतपेशी रक्ताधान

श्वेतपेशी रक्ताधान म्हणजे निरोगी दात्याच्या रक्तातील पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून त्या रुग्णाला शिरेवाटे देण्याची उपचारपद्धती होय. यात मुख्यतः जीवाणू व बुरशी गिळून नष्ट करणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी दिल्या जातात. केमोथेरपी किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर या पेशींची संख्या दर मायक्रोलिटर रक्तात ५०० पेक्षा खाली गेल्यास संसर्ग जिवावर बेतू शकतो. औषधे लागू पडत नसतील, तर रुग्णाची अस्थिमज्जा पूर्ववत होईपर्यंतचा तात्पुरता आधार म्हणून हा उपचार विचारात घेतला जातो.

इतिहास

१९६० च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत एमिल फ्राइराइक व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांकडून या पेशी मिळवल्या; कारण त्या आजारात त्यांची संख्या प्रचंड वाढलेली असते. पुढे रक्तघटक वेगळे करणाऱ्या यंत्रामुळे निरोगी दात्यांकडूनही संकलन शक्य झाले. प्रभावी प्रतिजैविके आल्यावर १९८० च्या दशकात हा उपचार मागे पडला. १९९० च्या दशकात पेशीनिर्मिती वाढवणाऱ्या जी-सीएसएफ या औषधामुळे त्याकडे पुन्हा लक्ष वेधले गेले.

संकलन

दात्याला काही तास आधी जी-सीएसएफ व डेक्सामेथासोन देतात. त्यानंतर अफेरेसिस यंत्राद्वारे श्वेतपेशी काढून घेतल्या जातात व उरलेले रक्त दात्याच्या शरीरात परत सोडले जाते. या पेशी २० ते २४ अंश सेल्सिअस तापमानात, न हलवता ठेवतात व २४ तासांच्या आत वापरतात. रक्तप्रवाहात त्या काही तासच टिकत असल्याने रक्ताधान सहसा रोज करावे लागते.

दक्षता

पिशवीत लाल पेशीही मिसळलेल्या असल्याने रक्तगट जुळणे आवश्यक असते. दात्याच्या लिम्फोसाइट पेशींनी रुग्णाच्या ऊतींवर हल्ला करू नये म्हणून पिशवीवर किरणोत्सार करतात. श्वेतपेशी अडवणारी गाळणी मात्र येथे वापरत नाहीत. ताप, थंडी वाजणे व श्वसनाचा त्रास हे दुष्परिणाम संभवतात. अॅम्फोटेरिसिन-बी हे बुरशीरोधक औषध आणि रक्ताधान यांत काही तासांचे अंतर ठेवले जाते.

परिणामकारकता

अमेरिकेतील ‘रिंग’ या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत ११४ रुग्ण सहभागी होते. उपचार यशस्वी ठरण्याचे प्रमाण श्वेतपेशी दिलेल्या गटात ४२ टक्के, तर केवळ औषधे दिलेल्या गटात ४३ टक्के आढळले. तथापि, अपेक्षेपेक्षा कमी रुग्ण मिळाल्याने निष्कर्ष निर्णायक ठरला नाही. तसेच अधिक मात्रा मिळालेल्या रुग्णांची स्थिती कमी मात्रा मिळालेल्यांपेक्षा चांगली राहिली. त्यामुळे हा उपचार सरसकट न करता निवडक रुग्णांपुरता मर्यादित ठेवला जातो.